कॉलेजात सिनेमा दाखवायचाय? ग्रंथालयाने परवानगीचं काम कसं करावं

ग्रंथालयाच्या कपाटात डीव्हीडी आहे म्हणजे ती सभागृहात लावता येते, हा समज प्राध्यापकांपासून चित्रपट मंडळातल्या मुलांपर्यंत सगळ्यांचा असतो. डिस्क विकत घेतली की ती वस्तू कॉलेजची होते. त्यातला सिनेमा लोकांना दाखवायचा हक्क मात्र निर्मात्याकडेच राहतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ मध्ये तो हक्क वेगळा मांडला आहे. ग्रंथपालांच्या बोलण्यात तो ‘पीपीआर’, म्हणजे जाहीर प्रदर्शनाचा हक्क. याच कायद्यात शिक्षणसंस्थांना एक मोठी सवलतही आहे आणि कॉलेजातले सिनेमाचे बरेच खेळ त्या सवलतीत बसतात. म्हणून मागणी आली की सिनेमाचं नाव नंतर विचारा, समोर कोण बसणार ते आधी विचारा.

आधी प्रेक्षक

सवलत आहे कलम ५२(१) च्या खंड ‘जे’मध्ये. संस्थेच्या कार्यक्रमांचा भाग म्हणून सिनेमा दाखवला आणि प्रेक्षक फक्त संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे आईवडील किंवा पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढेच असतील, तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाही. वर्गातच दाखवला पाहिजे अशी अट इथे नाही. मराठी विभागाने ठेवलेला खेळ, चित्रपट मंडळाचा पाक्षिक कार्यक्रम, पालक-शिक्षक संघाच्या सभेनंतरचा माहितीपट हे सगळं या चौकटीत मावतं.

गडबड होते ती चौकटीच्या कडेला. गोव्यात आंतरमहाविद्यालयीन महोत्सवात फोंड्याच्या कॉलेजात म्हापशाची मुलं आली, तर ती ‘त्या संस्थेचे विद्यार्थी’ नाहीत. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, वर्तमानपत्रात ‘सर्वांना प्रवेश’ अशी बातमी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या (एनएसएस) शिबिरात सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात मोकळ्यावर पडदा लावून दाखवलेला सिनेमा, हे सगळे बाहेरचे खेळ. हेतू कितीही चांगला असला तरी तिथे परवाना लागतो. ‘संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती’ हे शब्द ताणून गावकऱ्यांना आत घ्यायचा मोह आवरावा. व्यवस्थापन मंडळाचे सदस्य किंवा चर्चेसाठी बोलावलेले वक्ते त्यात येतात, शेजारच्या वाड्यावरचे लोक येत नाहीत.

वसतिगृहाची जागा अवघड आहे. एकाहून जास्त घरांत किंवा निवासाच्या जागी एकाच वेळी सिनेमा पोचवणं, त्यात हॉस्टेलच्या खोल्याही आल्या, हे कायद्याच्या व्याख्येत लोकांपर्यंत पोचवण्यातच धरलं आहे. म्हणून वसतिगृहातला खेळ एका हॉलमध्ये, वॉर्डनच्या लेखी मंजुरीने आणि संस्थेचा कार्यक्रम म्हणूनच ठेवावा.

तिकीट लावू नका. खंडात पैशांचा उल्लेख नाही हे खरं, पण तिकीट किंवा ‘ऐच्छिक देणगी’चा डबा दाराशी आला की हा संस्थेचा शैक्षणिक उपक्रम होता हे पटवणं जड जातं. प्रायोजकाचा फलक पडद्याशेजारी टांगला तरी तीच अडचण.

इंटरनेटवर या विषयाची मार्गदर्शकं शोधली की बहुतेक अमेरिकन विद्यापीठांची मिळतात. तिथल्या कायद्याचं कलम ११०(१) वर्गातल्या समोरासमोरच्या अध्यापनापुरतंच सूट देतं, फिल्म क्लबला देत नाही. ते वाचून कोणी ‘क्लबचा प्रत्येक खेळ बेकायदा’ म्हणतं, कोणी ‘शैक्षणिक असलं की सगळं चालतं’ म्हणतं. भारतात दोन्ही चूक.

मागणीचा अर्ज

एक पानाचा अर्ज पुरतो. सिनेमाचं नाव, वर्ष, भाषा, तारीख, वेळ, सभागृह, आसनसंख्या, प्रेक्षक कोण, बाहेरचे कोणी येणार का, प्रसिद्धी कुठे, प्रत कुठून, जबाबदार प्राध्यापकाची सही. सवलतीतल्या खेळासाठी अर्ज आठ दिवस आधी आला तरी चालतो. परवाना लागणार असेल तर भारतीय माहितीपटाला महिना आणि परदेशी सिनेमाला दोन महिने हाताशी ठेवा.

पोस्टर छापण्याआधी ग्रंथालयाने पाहिलंच पाहिजे. अर्जात ‘फक्त विद्यार्थी’ लिहायचं आणि इन्स्टाग्रामवर ‘सगळ्यांनी या’ टाकायचं, हे नेहमीचं. वाद झाला तर पुरावा पोस्टरच होतं. त्यावर ‘केवळ महाविद्यालयाचे विद्यार्थी, कर्मचारी व पालक यांच्यासाठी, ओळखपत्र आवश्यक’ ही ओळ ठळक घ्या आणि दारात ओळखपत्र खरंच तपासा.

परवाना कोणाकडे मागायचा

दिग्दर्शक ओळखीचा असतो, तो फोनवर आनंदाने ‘दाखवा की’ म्हणतो. त्याने काम होत नाही. आपल्या कायद्यात सिनेमाचा कर्ता निर्माता असतो आणि त्यानेही हक्क तुकड्यातुकड्यांनी विकलेले असतात: थिएटरचे एकाला, टीव्हीचे दुसऱ्याला, ओटीटीचे तिसऱ्याला. तुम्हाला हवेत ते ‘नॉन-थिएट्रिकल’ हक्क, म्हणजे थिएटरबाहेरच्या खेळाचे. पत्रात हाच शब्द वापरा, नाहीतर चित्रपट वितरक तुम्हाला थिएटरच्या हिशेबातला दर सांगेल.

सुरुवात सिनेमाच्या आधी दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रापासून करा. त्यावर अर्जदार आणि निर्मात्याचं नाव असतं. आज हक्क त्याच्याकडेच असतील असं नाही, पण धागा मिळतो. फिल्म्स डिव्हिजन आणि चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीच्या चित्रपटांसाठी आता एनएफडीसीला (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाला) लिहायचं, कारण २०२२ मध्ये या संस्था तिच्यात विलीन झाल्या. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही तिथेच गेलं. संग्रहालयाकडे प्रत आहे म्हणजे हक्कही आहे असं समजू नका. हक्कधारकाचं ना हरकत पत्र वेगळं मिळवावं लागतं. हॉलिवूडच्या सिनेमांसाठी अनेक स्टुडिओंचे हक्क एकत्र देणारे वार्षिक ‘अम्ब्रेला’ परवाने असतात. ते घेताना निर्मात्यांची यादी मागून घ्या आणि प्रसिद्धीवरची बंधनं नीट वाचा; अशा परवान्यांत सिनेमाचं नाव बाहेर जाहीर करायला बहुधा मनाई असते.

पत्राचा मजकूर छोटा आणि आकडे नेमके हवेत. मराठी निर्मात्याला असं लिहिता येईल:

‘आपल्या अमुक चित्रपटाचा एक खेळ आमच्या महाविद्यालयाच्या १८० आसनांच्या सभागृहात अमुक तारखेला सायंकाळी ५ वाजता दाखवू इच्छितो. प्रवेश विनामूल्य असून विद्यार्थ्यांबरोबर परिसरातील नागरिकही असतील. या एका खेळाचे नॉन-थिएट्रिकल प्रदर्शनाचे हक्क आपल्याकडे आहेत का, असल्यास शुल्क व अटी कळवाव्यात. वीज किंवा यंत्रातील बिघाडामुळे खेळ अपुरा राहिल्यास सात दिवसांत तो पुन्हा दाखवण्याची मुभा असावी. इंग्रजी उपशीर्षके असलेली प्रत मिळू शकेल का?’

विजेचं वाक्य काढू नका. पावसाळ्यात ऐन मध्यंतराला वीज गेली आणि परवाना ‘एका खेळाचा’ असला, तर दुसऱ्या दिवशी उरलेला सिनेमा लावायला नव्याने विचारावं लागतं.

परवाना लेखी हवा, हे कलम ३० सांगतं. हक्कधारकाच्या अधिकृत पत्त्यावरून आलेला स्पष्ट ईमेल छापून फाइलला लावा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या अंगठ्यावर विसंबू नका. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, पण खेळांची संख्या कोणी आपोआप धरत नाही. ती लिहून घ्या.

शुल्क परदेशात पाठवायचं असेल तर बँक करकपातीची कागदपत्रं मागते आणि त्यात सहज दोन-तीन आठवडे जातात. हक्कधारकाचं बिल आल्या दिवशीच हिशेब विभागाला कळवा.

ओटीटी, यूट्यूब आणि काळा पडदा

कलम ५२ ची सूट कॉपीराइटपुरती आहे. ओटीटीचं खातं उघडताना प्राध्यापकांनी ‘वैयक्तिक वापर’ मान्य केलेला असतो. तो करार वेगळा आणि तो मोडतो. यूट्यूबच्या अटींतही वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापराबाहेर व्हिडिओ लोकांसमोर दाखवायला मनाई आहे. नेटफ्लिक्स आपल्या काही माहितीपटांना एकदाच्या शैक्षणिक प्रदर्शनाची परवानगी देतं. ती नेटफ्लिक्सच्या माध्यमांसाठीच्या संकेतस्थळावर, त्या माहितीपटाच्या पानावर लिहिलेली असते. खेळ विनामूल्य हवा आणि पोस्टरवर त्यांचं बोधचिन्ह नको. तिथे नोंद नसेल तर परवानगी नाही असंच धरा.

दुसरी अडचण तांत्रिक. ओटीटीचं चित्र एचडीएमआयमधून जाताना एचडीसीपी हे नक्कल रोखणारं संरक्षण तपासलं जातं. जुना प्रोजेक्टर किंवा मधला स्प्लिटर ते ओळखत नाही. मग आवाज येतो, पडदा काळा. ऐनवेळी मुलं बेकायदा प्रत शोधायला धावतात ती याच क्षणी. म्हणून हक्कधारकाकडून फाइलच मागा. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही.

इफ्फीचा मोह

२००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात होतो, त्यामुळे नोव्हेंबर संपला की पणजीत पाहिलेला परदेशी सिनेमा डिसेंबरात कॉलेजात लावायची टूम निघते. त्या सिनेमाचे हक्क परदेशातल्या विक्री-प्रतिनिधीकडे असतात आणि महोत्सवाला दिलेली परवानगी त्या महोत्सवापुरती असते. शिवाय असे बरेच चित्रपट सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय, महोत्सवांना मिळणाऱ्या सवलतीवर दाखवलेले असतात. ती सवलत कॉलेजला लागू होत नाही. महोत्सवाच्या पुस्तिकेत विक्री-प्रतिनिधीचा पत्ता असतो, ती जपून ठेवा. उत्तर आलं तरी प्रमाणपत्राचा प्रश्न राहतोच, म्हणून भारतात प्रदर्शित झालेल्या सिनेमाला पहिली पसंती द्या.

प्रमाणपत्राचा आणखी एक पेच. आपल्याकडे अनेक संस्थांत हायर सेकंडरी आणि कॉलेज एकाच आवारात असतं. ‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा १८ वर्षांखालच्यांना दाखवता येत नाही, आणि अकरावी-बारावीच काय, बीएच्या पहिल्या वर्षालाही सतरा वर्षांची मुलं असतात. अशा खेळाला दारात वय तपासायला माणूस लागतो. ‘यूए’चे आता ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आहेत, तेही पोस्टरवर लिहा.

साठ वर्षं झालेले चित्रपट

सिनेमाचा कॉपीराइट तो प्रकाशित झाल्यानंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षं चालतो. ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट १९६३ चा, म्हणून त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२३ ला संपली. १९६६ च्या ‘निर्मोण’ची २०२६ अखेर संपते. गावातल्या खुल्या खेळासाठी असे चित्रपट सोयीचे, पण गीतकार आणि संगीतकाराचे हक्क वेगळे मोजले जातात. त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. बाहेरचे प्रेक्षक असतील तर गाण्यांच्या हक्कांची चौकशी वेगळी करा. कोणी नवी उपशीर्षकं केली असतील तर ती त्या अनुवादकाची.

कॅटलॉगमध्ये लिहून ठेवा

एकदा मिळालेला हक्क फाइलमध्ये पुरला तर तीन वर्षांनी नवा ग्रंथपाल पुन्हा पैसे भरतो. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद करताना मार्क या नोंदपद्धतीचं ५४० क्षेत्र वापराच्या अटींसाठीच आहे: ‘पीपीआर आहे, आवारात विनामूल्य खेळ, मुदत अमुकपर्यंत’ किंवा ‘पीपीआर नाही, फक्त कलम ५२(१)(जे)’. प्रेक्षकवर्ग ५२१ मध्ये, डिस्कचा विभाग (रीजन, म्हणजे ती कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालते) ५३८ मध्ये. अमेरिकेतून आणलेली विभाग १ ची डीव्हीडी इथल्या विभाग ५ च्या प्लेअरवर चालत नाही. परदेशी वितरकाकडून माहितीपट घेताना घरगुती, संस्थात्मक आणि पीपीआरसह असे दर वेगवेगळे असतात. संस्थात्मक दर भरला म्हणजे पीपीआर आला असं नव्हे. कॉलेजच्या सर्व्हरवर ठेवून ऑनलाइन दाखवायचं असेल तर डिजिटल साइट लायसन्स आणखी वेगळं घ्यावं लागतं.

खेळ झाल्यावर उपस्थितीचा आकडा अर्जावर टाका, परवान्याची प्रत त्याला टाचा आणि हक्कधारकाने फाइल दिली असेल तर ती सभागृहाच्या लॅपटॉपवरून काढून तसं त्याला ईमेलने कळवा. पुढच्या वेळी त्याच निर्मात्याकडे जायचं असलं की या ईमेलचा उपयोग होतो.