चांगला हात असूनही काम का जातं? प्रस्ताव पाठवताना या चुका टाळा

लातूर-नांदेडकडच्या नव्या ग्राफिक डिझायनरांचे क्लायंटकडे काम मागणारे प्रस्ताव वाचले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हात चांगला असतो, नमुनेही बरे असतात, पण काम दुसऱ्यालाच मिळतं. मग सगळे म्हणतात, दर जास्त सांगितला गेला. मला ते फारसं पटत नाही. बहुतेक वेळा काम पहिल्या दोन ओळींतच गेलेलं असतं.

अपवर्कसारख्या फ्रीलान्स कामं मिळणाऱ्या साइटवर क्लायंटला यादीत तुमच्या प्रस्तावाच्या सुरुवातीच्या ओळीच दिसतात. तिथे ‘नमस्कार सर, मी अनुभवी आणि मेहनती ग्राफिक डिझायनर आहे’ असं लिहिलेलं असेल, तर तो पुढचं उघडत नाही. असंच लिहिणारे ढीगभर त्याच्यासमोर असतात.

समजा, लातूरच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला तूरडाळीच्या एक किलोच्या पाऊचचं डिझाइन हवंय. तिथे सुरुवात अशी करा: ‘तुमच्या आत्ताच्या पाऊचवर लोगो मोठा आणि डाळीचं नाव बारीक आहे. दुकानाच्या फळीवर ती तूर आहे की हरभरा, हे लांबून कळत नाही. मी आधी तेवढं सोडवतो. मागच्या बाजूला एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी आणि बारकोडची जागा धरूनच मांडणी देतो.’ तुमच्याबद्दल यात एक शब्द नाही, तरी तुम्हाला काम येतं हे समोरच्याला कळतं.

पाऊच बघायला मिळालं नाही, तर नेमका प्रश्न विचारा. छपाई रोटोग्रॅव्हरवर (कोरलेल्या सिलिंडरांनी) होणार की डिजिटलवर? रोटोग्रॅव्हरमध्ये प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. म्हणजे आठऐवजी पाच रंगांत काम बसवलं तर कंपनीचे तीन सिलिंडरांचे पैसे वाचतात. हा हिशेब प्रस्तावात मांडणारा डिझायनर थोडा महाग असला तरी चालतो. खर्च कुठे वाचतो हे मालकाला चटकन कळतं.

नमुन्यांचंही तसंच. वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, क्लासचे बॅनर आणि पाच लोगो एकाच लिंकमध्ये कोंबून ‘माझं काम बघा’ म्हणू नका. पॅकेजिंगचं काम असेल तर पॅकेजिंगचेच तीन नमुने पाठवा. नसतील तर करा. जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, मराठवाड्याचा केसर आंबा, तिघांनाही भौगोलिक मानांकन आहे. यातल्या एकाचा खोका पूर्ण डिझाइन करा आणि खाली ‘सराव प्रकल्प’ असं स्पष्ट लिहा. खऱ्या क्लायंटचं काम म्हणून तो खपवू नका. फोनवर दोन प्रश्न विचारले की ते उघडं पडतं.

आता दर. फायव्हर या अशाच दुसऱ्या साइटवर १०० डॉलरच्या कामात २० डॉलर कमिशन जातं, आणि ८० चे रुपये होताना आणखी थोडे कापले जातात. हे न धरता दर पाडला तर काम मिळूनही पदरात काही पडत नाही. क्लायंटचं बजेट कमी असेल तर काम कमी करा: एकच संकल्पना, दोनच करेक्शन, ओपन फाईल (बदल करता येणारी मूळ फाईल) नाही. कमी दरात सगळं देऊ नका. ‘आधी एक फुकट करून दाखवा’ म्हणणाऱ्याला जुने नमुने दाखवा आणि थांबा.

ओळखीच्या क्लायंटकडे अडचण वेगळी असते. ‘भाऊ, सोयाबीन निघू द्या, दिवाळीला सगळा हिशेब करू,’ हे कृषी सेवा केंद्रापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. त्यात दरवेळी लबाडी नसते. बाजारात पैसाच तेव्हा फिरतो. म्हणून निम्मा ॲडव्हान्स आधी घ्या, प्रूफ (छपाईआधीचा नमुना) वॉटरमार्क टाकून कमी रिझोल्यूशनमध्ये दाखवा आणि सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची ओपन फाईल, शेवटच्या हप्त्यानंतरच द्या. किती करेक्शन, किती दिवस, ओपन फाईल कोणाची, हे व्हॉट्सॲपवर चार ओळींत का होईना लिहून ठेवा. कॉपीराइट मात्र चॅटवर सोडू नका. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो.

काम देण्याआधी डिपॉझिट मागणारा किंवा लगेच टेलिग्रामवर बोलावणारा सरळ सोडून द्या.

अमेरिकेतला क्लायंट सकाळी नऊला काम टाकतो, तेव्हा न्यूयॉर्कच्या वेळेनुसार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. रात्री जेवण उरकून लॅपटॉप उघडेपर्यंत त्याच्याकडे प्रस्तावांची यादी भरलेली असते. संध्याकाळचा तो तास राखून ठेवा.

उत्तर आलं नाही तर चार-पाच दिवसांनी एकच निरोप पाठवा. ‘काय ठरलं सर?’ एवढंच विचारू नका, सोबत काहीतरी नवं द्या: ‘साहेब, तुमचा बारकोड गडद निळ्या पट्टीवर येतोय. गडद निळ्यावर काळ्या रेघा स्कॅनरला वेगळ्या दिसत नाहीत. पांढऱ्या जागेत घेतलेला कच्चा आराखडा जोडलाय, बघून सांगा.’