गोल्फ रेंजचा आराखडा सभेपुढे येण्याआधी

महापालिकेच्या गोल्फ ड्रायव्हिंग रेंजचा, म्हणजे गोल्फच्या फटक्यांचा सराव करायच्या मैदानाचा, आराखडा विषयपत्रिकेवर आला, की नगरसेवक म्हणून नगरसचिवांकडे सर्वांत आधी मोजमापांसह नकाशा आणि जागेचा छेद, म्हणजे उभा काप दाखवणारं चित्र, मागा. प्रस्तावाला जोडलेल्या रंगीत चित्रात हिरवळ असते, निळं आभाळ असतं, हसरं कुटुंब असतं. चेंडू अडवणारी जाळी मात्र नसते, आणि सभेत खरं भांडण जाळीवरूनच होतं. इमारत, कॅफे, छपराचा आकार हे सगळं नंतरही बदलता येतं. टीची, म्हणजे चेंडू मारायला उभं राहायच्या जागांची, रांग कुठे आणि तिचं तोंड कुठल्या दिशेला, हे एकदा ठरलं की ठरलं.

म्हणून नकाशा हातात आला की आधी उत्तर कुठे आहे ते पाहा. टीचं तोंड पश्चिमेला असेल, तर कामावरून सुटून लोक खेळायला येतात नेमक्या त्याच वेळी ऊन डोळ्यांत जातं आणि मारलेला चेंडू दिसेनासा होतो. उत्तर गोलार्धात टीचं तोंड साधारण उत्तरेकडे ठेवतात ते यासाठीच. मग उजवीकडे काय आहे ते बघा. बहुतेक खेळाडू उजव्या हाताचे, आणि नवशिक्याचा चेंडू हमखास उजवीकडे वळतो. उजव्या हद्दीला रस्ता, शाळेचं मैदान किंवा घरं असतील, तर मांडणी आरशातल्यासारखी उलटी करून चालेल का, हा प्रश्न लेखी विचारून ठेवा. सभेत तोंडी विचारलात तर ‘तपासून सांगतो’ एवढंच उत्तर मिळतं.

लांबी यार्डात आहे की मीटरमध्ये, तेही तपासा. ३०० यार्ड म्हणजे २७४ मीटर, आणि एवढ्या फरकात कुंपणापलीकडचा रस्ता सहज बसतो.

जाळीला मात्र निवांत एक संध्याकाळ द्या. ‘जाळीची उंची किती’ याला एकच आकडा सांगितला, तर समजा की गणित झालेलं नाही. चांगल्या खेळाडूचा चेंडू, काठी कुठलीही असो, साधारण ३० मीटरपर्यंत चढतो. टीपाशी तो खालीच असतो, सर्वांत उंच जातो तो मैदानात बराच पुढे गेल्यावर, आणि उजवीकडचं वळणही तिथेच जास्त जाणवतं. म्हणजे टीजवळ जाळी बुटकी चालेल, पण मधल्या टप्प्यात उंचच हवी. टीजवळ, मध्यावर आणि टोकाला अशा तीन ठिकाणचे छेद मागा आणि चेंडूच्या वाटेची रेघ त्यावर काढून घ्या. उंच जाळी वारा धरते, त्यामुळे खांब आणि पाया जाड होतात. खर्चाच्या तक्त्यात ‘जाळी’ एवढीच ओळ असेल, तर खांब नि पाया कुठल्या रकान्यात लपलेत ते शोधा.

जागा अपुरी असली की कमी अंतर जाणारे चेंडू वापरू, असा तोडगा हमखास येतो. तोडगा वाईट नाही. पण मग तेच चेंडू वापरण्याची आणि बाहेरून आणलेले चेंडू न चालण्याची अट ठेकेदाराच्या करारात हवी. नाहीतर पुढच्या खरेदीत साधे चेंडू येतील आणि जाळी तोकडी पडेल. नियमातला चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, पण कसलेल्या व्यावसायिकाच्या ड्रायव्हरवरून, म्हणजे लांब फटक्याच्या काठीवरून, तो ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो.

कायदा विभागाशी बोलायला जाताना इंग्लंडमधले दोन जुने निकाल लक्षात ठेवा. १९२२च्या निकालात गोल्फ मैदानातून रस्त्यावर आलेल्या चेंडूने एका टॅक्सीचालकाचा डोळा गेला होता. चेंडू तिथे वारंवार येत असत, म्हणून मैदानवाल्यांवर जबाबदारी आली. १९५१मध्ये क्रिकेटचा चेंडू लागलेल्या बाई मात्र हरल्या, कारण चेंडू इतक्या बाहेर जाण्याचे प्रसंग कित्येक वर्षांत अगदी मोजके होते. आपल्याकडचा कायदा वेगळा असू शकतो, पण चेंडू बाहेर किती वेळा जातो हा प्रश्न कुठेही उठणारच. तेव्हा बाहेर गेलेल्या प्रत्येक चेंडूची नोंदवही ठेवण्याची अट आत्ताच घालून घ्या.

दिव्यांसाठी अंधार पडल्यावर जागेवर जा, तेही मैदानाच्या पलीकडच्या घरांच्या बाजूने. टीवरचे फ्लडलाइट तोंड करून असतात ते त्या घरांकडेच. हद्दीवर किती लक्स (उजेडाचं माप) उजेड पडणार याचा नकाशा मागा. आडोसा असलेले, ३००० केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, दिवे सुचवा आणि दिवे कधी मालवायचे ती वेळ ठरवून घ्या. आवाजाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. धातूच्या काठीचा टणत्कार छपराखाली आणखी घुमतो, आणि त्याची तक्रार येते ती रेंज सुरू झाल्यावर.

निचऱ्याबद्दल एकच विचारा: पाऊस पडून गेल्यावर चेंडू चिखलात रुतले, तर गोळा करणारं यंत्र मैदानात उतरेल का? गवताची टी हवी असेल तर रांग खोल लागते, कारण उखडलेली जागा भरून येईपर्यंत पुढे-मागे सरकावं लागतं. कृत्रिम गवताच्या मॅटला जागा कमी लागते, पण त्या मनगटाला कडक लागतात. व्हीलचेअरवरच्या खेळाडूला वळता येईल एवढी रुंद टी आणि डावखुऱ्यांसाठी टोकाची जागा नकाशावर दाखवलेली असू दे. ‘नंतर करू’ म्हटलेलं होत नाही.

जमाखर्चात पावसाळी दिवस आणि जाळी बदलण्याचा खर्च धरलाय का, ते पाहा.

उपसूचना आदल्या दिवशीच लिहून, अनुमोदकाची सही घेऊन ठेवा. विषयाचे दोन भाग करून मागा: आधी जागा, दिशा आणि जाळी यांवर मतदान, इमारत वेगळी. अध्यक्षांनी नकार दिला, तर नकार इतिवृत्तात नोंदवायला सांगा आणि दिवे मालवण्याची वेळ निदान ठरावाच्या मजकुरातच घालून घ्या. परिशिष्टात टाकलेली वेळ पुढच्या वर्षी एका टिपणीवर बदलली जाते.