एसएमबी-१ बंद करताना या चुका टाळा

एसएमबी-१ (नेटवर्कवरून फायली शेअर करायचा विंडोजचा जुना प्रोटोकॉल) बंदच करायला हवा. मे २०१७ मध्ये फायली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या भोकातून पसरला. पण घाईत बंद केला, तर चांगलं चाललेलं नेटवर्क आडवं होतं.

भोसरीच्या वर्कशॉपांत सीएनसी मशीनशेजारी अजून विंडोज ७ चे पीसी दिसतात. तिथे टिक काढून एसएमबी-१ चा क्लायंट (दुसऱ्या पीसीवरचे शेअर केलेले फोल्डर उघडणारा भाग) बंद करायची सोय नाही. मग कुणीतरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) त्या क्लायंटच्या 'एमआरएक्सएसएमबी१०' ड्रायव्हरची 'स्टार्ट' व्हॅल्यू थेट ४, म्हणजे बंद, करतं. रीस्टार्ट केल्यावर एकही शेअर उघडत नाही. शेअर उघडून देणारी वर्कस्टेशन सर्व्हिस याच ड्रायव्हरवर अवलंबून असते, म्हणून ती एरर १०६८ दाखवून सुरूच होत नाही. हा आकडा न वाचता संशय लॅन कार्डावर घेतात आणि त्याचा धडधाकट ड्रायव्हर काढून टाकतात. आता नेटही गेलं, ड्रायव्हर उतरवणार कुठून? अख्खी पाळी वाया.

आधी रजिस्ट्रीतली वर्कस्टेशन सर्व्हिसची 'लॅनमॅनवर्कस्टेशन' ही की एक्स्पोर्ट करून ठेवा. तिच्या 'डिपेंडऑनसर्व्हिस' यादीतली एमआरएक्सएसएमबी१० ही एकच ओळ काढा, बाकीच्यांना हात लावू नका. त्यानंतरच 'स्टार्ट' ४ करा. ड्रायव्हरची फाइल डिलीट करायचा शॉर्टकट तर कधीच नको.

विंडोज १० आणि ११ मध्ये 'विंडोज फीचर्स'मध्ये एसएमबी-१ च्या क्लायंट आणि सर्व्हर (आपले शेअर दुसऱ्यांना उघडून देणारा भाग) अशा वेगळ्या टिक आहेत. दोन्ही एकदम काढल्या की सदाशिव पेठेतल्या सीए ऑफिसात जुन्या कॉपियरचं स्कॅनिंग थांबतं, तेही रिटर्न भरायच्या आठवड्यात. स्कॅन फोल्डरमध्ये येताना कॉपियर क्लायंट असतो, पीसी सर्व्हर. म्हणून आधी क्लायंट काढा. सर्व्हरसाठी पॉवरशेलमधून (विंडोजच्या कमांड विंडोतून) एसएमबी-१ चं ऑडिट लावा आणि महिनाभर थांबा. विंडोजच्या इव्हेंट लॉगमधल्या इव्हेंट ३००० मध्ये एसएमबी-१ ने कोण जोडतंय ते कळतं. त्या कॉपियरला फर्मवेअर (त्याचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून नवा एसएमबी-२ मिळतो का बघा, नाहीतर स्कॅन ईमेलवर घ्या. एवढा धीर नसेल, तर या कामाला हात घालू नये.

'नेटवर्क'मध्ये शेजारचे पीसी दिसेनासे झाले म्हणून एसएमबी-१ परत चालू करू नका. शेअर शाबूत असतात; दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पीसीचं नाव टाइप करा, उघडतात. यादी हवीच असेल, तर प्रत्येक पीसीवर शेजारचे पीसी शोधून देणाऱ्या 'फंक्शन डिस्कव्हरी'च्या दोन्ही सर्व्हिसेस 'ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट'वर ठेवा.

आणि सोबत एसएमबी-२ बंद करू नका, एसएमबी-३ ही त्याबरोबर जातो.