दूरच्या राउटरवर बदल करण्यापूर्वी ‘रिलोड इन १०’

सांगलीतील मुख्य कार्यालयात बसून जत किंवा आटपाडीच्या शाखेतील राउटरचा (शाखेचे जाळे बाहेर जोडणाऱ्या यंत्राचा) आयपी पत्ता, रूट (माहिती जाण्याचा मार्ग) अथवा अॅक्सेस लिस्ट (कोणती वाहतूक जाऊ द्यायची याची यादी) बदलताना एखादी ओळ चुकली, तर आपलाच संपर्क तुटतो आणि केवळ राउटर बंद-चालू करण्यासाठी गाडी काढावी लागते.

सिस्को कंपनीच्या राउटरवरील आयओएस प्रणालीत हे असे टाळता येते:

१. चालू कॉन्फिगरेशन (राउटरची मांडणी) ‘राइट मेमरी’ या आज्ञेने जतन करावे.
२. ‘रिलोड इन १०’ (दहा मिनिटांनी रीस्टार्ट हो) ही आज्ञा देऊन एंटरने दुजोरा द्यावा.
३. बदल करावा, आणि जुने सत्र तसेच ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन होते का, शाखेतील संगणकाला पिंग (संपर्क तपासणारा संदेश) जातो का, हे पाहावे.
४. सर्व ठीक असल्यास ‘रिलोड कॅन्सल’ देऊन मगच पुन्हा जतन करावे.

संपर्क तुटलाच, तर दहा मिनिटांनी राउटर आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर येतो. मात्र पडताळणीपूर्वी जतन केल्यास चुकीचाच बदल कायम होतो, आणि ‘रिलोड कॅन्सल’ विसरल्यास भर कामाच्या वेळी शाखा बंद पडते. म्हणून हे काम काउंटर मिटल्यावरच करावे. जुनिपर या दुसऱ्या कंपनीच्या राउटरवरील ‘कमिट कन्फर्म्ड १०’ ही आज्ञा अधिक सोयीची वाटते, कारण तिच्यात रीस्टार्टविनाच जुनी मांडणी परत येते.