घरच्या माणसाला शुश्रूषेची गरज आहे, हे कसे ओळखावे

या विषयावरचे बहुतेक लेख दहा-बारा लक्षणांची यादी देतात आणि ‘आई-वडिलांशी मोकळेपणाने बोला’ असा सल्ला देऊन थांबतात. आईच्या वेळी मी अशा याद्या वाचल्या, त्यातले एकही लक्षण तिच्यात दिसत नाही असे स्वतःला पटवले आणि आठ महिने वाया घालवले. त्यानंतर सासऱ्यांसाठी, एका मावशीसाठी आणि आमच्याच इमारतीतल्या दोन बिऱ्हाडांसाठी हा निर्णय घेण्यात माझा हात होता. त्यामुळे एवढे ठामपणे सांगता येते की, घरी मदत आणण्याची गरज म्हाताऱ्या माणसाला विचारून कळत नाही; ती त्याच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंवरून कळते.

आधी तातडीचे बाजूला काढावे. काल नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलू लागला, दिवसभर ग्लानीत राहू लागला किंवा घरातल्यांना ओळखेना, तर त्याला ‘वय झाले’ म्हणू नये. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम उतरणे, काही आठवड्यांपूर्वी डोक्याला लागलेल्या किरकोळ मारानंतर मेंदूभोवती हळूहळू साचलेले रक्त, अशी उपचार होऊ शकणारी कारणे त्यामागे असू शकतात. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय गळाला किंवा बोलणे अडखळू लागले, तर 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी शुश्रूषेला माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून बाई मागवून तिच्या भरवशावर रात्र काढणारी माणसे मी पाहिली आहेत.

यानंतरची पायरी सर्वांत अवघड आहे, आणि मी चुकले ती इथेच. आई दादरला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहत असे. मी मुलुंडहून दर रविवारी जात असे. दार उघडले की इस्त्रीची साडी, तोंडावर पावडर आणि ओट्यावर झाकून ठेवलेले पोहे, असा थाट असायचा. जूनमधल्या एका मंगळवारी बँकेच्या कामासाठी दादरला गेले असता मी अकराच्या सुमारास न कळवता तिच्याकडे डोकावले. ‘आंघोळ झाली का?’ या प्रश्नावर ‘कधीच झाली गं’ असे उत्तर आले. पाय धुवायला मोरीत गेले, तर बादली कोरडी, पंचा कडक वाळलेला आणि साबणाला चक्क भेगा पडलेल्या. एप्रिलमध्ये मोरीचा कठडा ओलांडताना तिचा पाय घसरला होता. तेव्हापासून ती बेसिनपाशी उभी राहून ओल्या फडक्याने अंग पुसत होती. रविवारचे पोहे शेजारच्या वहिनी करून देत होत्या. रात्री उठावे लागू नये म्हणून तिने संध्याकाळनंतर पाणी पिणेही सोडले होते, आणि आम्ही मात्र तिच्या चक्करेसाठी मानेचे एक्स-रे काढत बसलो होतो.

त्या दिवशी मी आणखी एक चूक केली, तीच टाळावी असे मी सर्वांना बजावून सांगते. मी साबण हातात घेऊन तिला जाब विचारला. पुढच्या रविवारी साबण ओला होता. पंचा मात्र तसाच कडक होता. पुरावा समोर धरला की म्हातारी माणसे लपवणे सोडत नाहीत, ती अधिक सफाईने लपवू लागतात. त्यामागे लबाडी नसते. आपले घर, आपली खोली आणि आपला शब्द जाईल ही भीती असते. म्हणून पाहावे, लिहून ठेवावे आणि निदान पंधरा दिवस तोंडातून अवाक्षर काढू नये.

पाहण्याची रीत अशी. तीन वेगवेगळ्या वारी, तीन वेगवेगळ्या वेळी जावे: एकदा सकाळी साडेसहा-सातला, म्हणजे उठणे, संडास आणि आंघोळ दिसते, एकदा दुपारच्या जेवणाला, आणि एकदा दिवेलागणीला, कारण स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर गोंधळ आणि चिडचिड पुष्कळदा संध्याकाळी वाढते. एक रात्र मुक्काम करावा आणि माणूस किती वेळा उठतो, दिवा लावतो की अंधारात भिंत धरून जातो, हे अंथरुणातूनच ऐकावे. संडास गॅलरीच्या टोकाला असलेल्या चाळीत तर ही एक रात्र पुरते. धुणे-भांडी करणाऱ्या बाईंशी बोलावे, पण ‘आजी बऱ्या आहेत ना?’ असे विचारू नये. सिंकमध्ये रोज किती ताटे असतात, करपलेले भांडे कधी निघाले का आणि चादरी किती वेळा धुवाव्या लागतात, एवढेच विचारावे. मोलकरणीला जे माहीत असते, ते मुलांना सहा महिन्यांनी कळते.

जे दिसले ते मांडायला दोन जुन्या याद्या पुरतात. अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी 1963 मध्ये स्वतःच्या अंगाची सहा कामे मांडली: आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, उठून एका जागेवरून दुसऱ्या जागी बसणे, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. लॉटन आणि ब्रॉडी या अमेरिकी संशोधकांनी 1969 मध्ये घर-व्यवहाराची आठ जोडली: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचा व्यवहार. साधारणपणे आधी दुसऱ्या यादीतली कामे सुटतात आणि नंतर पहिलीतली. दुसऱ्या यादीतले एखादे काम सुटले, तर डबा, घरकामाची बाई किंवा औषधे लावून देणारा शेजारी पुरतो; पहिल्या यादीतले एक जरी सुटले, तरी अंगाला हात लावणारे माणूस लागते. मात्र तुलना शेजारच्या काकांशी न करता, त्या माणसाच्या वर्षापूर्वीच्या स्वतःशी करावी. माझ्या सासऱ्यांनी जन्मात चहा केला नव्हता, त्यामुळे त्यांना स्वयंपाक येत नाही यावरून काहीच कळले नसते; पण दर महिन्याला स्वतः पासबुक भरून आणणाऱ्या त्या माणसाच्या खणात बेस्टची तीन न भरलेली विजेची बिले सापडली, तेव्हा आम्ही सावध झालो.

चालण्याची चाचणी घरी करता येते. नेहमीच्या चपला आणि काठीसह खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे, एवढेच करायचे असते. बारा किंवा अधिक सेकंद लागले तर पडण्याचा धोका धरावा. तीन मीटर म्हणजे दहा फूट, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत जवळजवळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मोजताना अंगाशी उभे राहावे, पण हात धरू नये.

औषधांसाठी गोळ्या मोजाव्यात. पंधरा गोळ्यांची पाकिटे, रोज एक गोळी, एक तारखेला नवे पाकीट उघडलेले, तर दहा तारखेच्या रात्री पाचच उरायला हव्यात. आठ उरल्या किंवा दोनच उरल्या, दोन्ही वाईटच. इन्शुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत तर वाट पाहूच नये.

वजन करावे. सहा ते बारा महिन्यांत काही न करता शंभरातले पाच भाग वजन उतरले, म्हणजे साठ किलोच्या बाईचे तीन किलो, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. काटा नसेल तर अंगठी पाहावी. ती निसटू नये म्हणून आतून दोरा गुंडाळलेला असतो.

आता एक गोष्ट, जी कोणत्याच यादीत मला सापडली नव्हती. घरात दोन म्हातारी माणसे असतील, तर पाहायचे ते आजारी माणसाकडे नव्हे, त्याला सांभाळणाऱ्याकडे. आमच्या इमारतीत अर्धांगवायू झालेल्या काकांचे सारे ठीक चालले होते, कारण पंचाहत्तर वर्षांच्या काकू त्यांना रोज पलंगावरून उचलून खुर्चीत बसवत होत्या. काकूंनी स्वतःची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली होती, त्यांना रात्री सलग झोप नव्हती आणि कंबरेला पट्टा होता. गरज ओळखायला एवढे पुरे होते. काकांच्या माकडहाडावर लाल, दाबूनही पांढरा न होणारा डाग दिसेपर्यंत थांबण्याचे कारण नव्हते. तो डाग शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी पडून-बसून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते.

मदत कोणती, हे सुटलेल्या कामावरून ठरते आणि इथे लोक पैसे फुकट घालवतात. आंघोळ, शौच, भरवणे, चालवणे यांसाठी प्रशिक्षित आया किंवा वॉर्डबॉय पुरतो. इंजेक्शन, लघवीची नळी, नाकातून अन्न देण्याची नळी, जखमेची पट्टी यांसाठी दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम हा परिचर्येचा अभ्यासक्रम केलेली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदलेली परिचारिकाच हवी. ब्युरोवाले दोघींनाही ‘सिस्टर’ म्हणतात, म्हणून नोंदणी क्रमांक मागावा. केवळ उठणे-चालणे अडले असेल, तर आधी फिजिओथेरपिस्ट बोलवावा. आपली टिपणे फॅमिली डॉक्टरांना दाखवून मगच ठरवावे.

पटवताना ‘तुझ्यासाठी बाई ठेवतो’ असे म्हणू नये. एकच काम, एकच वेळ सांगावी. आईला मी ‘मोरीत हात द्यायला सकाळी दोन तास कोणी येईल’ एवढेच सांगितले आणि ती कुरकुरत का होईना, तयार झाली. पंधरा दिवसांनी त्याच वस्तू पुन्हा पाहाव्यात. सुटलेले काम सुरू झाले नसेल, तर माणूस बदलण्याआधी वेळ बदलून पाहावी. आमच्याकडे बाई आठला येत असे आणि आईला जन्मभर साडेसहाला आंघोळीची सवय. म्हणून ती बाई येण्याआधीच पुन्हा फडक्याने अंग पुसून, पावडर लावून तयार बसायची. हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले.