घरातल्या कोणत्या वस्तूंतून वीज जाते? स्वतः तपासून पाहा

‘बल्ब लागला तर सुवाहक, नाही लागला तर दुर्वाहक’ हे शाळेतलं उत्तर अर्धंच खरं आहे. टॉर्चच्या बल्बला बराच प्रवाह लागतो. मिठाच्या पाण्यातून तेवढा जात नाही, बल्ब लागत नाही आणि मुलं वहीत ‘पाण्यातून वीज जात नाही’ असं लिहून मोकळी होतात. म्हणून लाल एलईडी घ्या. तो एक-दोन मिलिअँपिअरवरही उजळतो.

साहित्य: 1.5 व्होल्टचे तीन पेन्सिल सेल, होल्डर, एलईडी, 220 ओहमचा रेझिस्टर (प्रवाह मर्यादेत ठेवणारा छोटा भाग; पट्टे लाल-लाल-तपकिरी) आणि वायर. घरातल्या प्लगचा वापर मात्र अजिबात नको. तिथे 230 व्होल्ट असतात आणि ते जिवावर बेततं.

आधी होल्डरची धन बाजू रेझिस्टरला जोडा, रेझिस्टर एलईडीच्या लांब पायाला. आखूड पायाला एक मोकळी वायर, होल्डरच्या ऋण बाजूला दुसरी. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. दिवा लागला नाही तर एलईडी उलटा करून बघा. ही खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता टोकांच्या मध्ये एकेक वस्तू धरा. स्टीलचा चमचा, पितळी तांब्या, नाणं: लख्ख उजेड. रबर, काच, प्लास्टिक: काही नाही. दोन्हीकडून तासलेल्या पेन्सिलीच्या शिशालाही दिवा लागतो, कारण ते ग्राफाइट असतं.

खरी गंमत फसवणाऱ्या वस्तूंत आहे. हार्ड ॲनोडाइज्ड कढई ॲल्युमिनियमचीच, पण तिच्या काळ्या थरावर टोकं टेकवली तर दिवा लागत नाही. तो थर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो. गंजलेला खिळाही असाच दगा देतो. तो पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा आणि पुन्हा लावा. धातूच्या वस्तूवर ‘दुर्वाहक’ लिहिण्याआधी ती एकदा खरवडाच.

पाण्यासाठी दोन्ही टोकं वाटीत सेंटिमीटरभर अंतरावर बुडवा. नळाच्या पाण्यात उजेड मिणमिणता, अंधारात बघावा लागेल असा. चिमूटभर मीठ घालून ढवळा, दिवा डोळ्यांदेखत वाढतो आणि ऋण टोकाशी बारीक बुडबुडे येतात. दुसऱ्या वाटीत साखर घाला: उजेड तसूभरही वाढत नाही. पाण्यात मिठाचे आयन, म्हणजे वीज वाहून नेणारे भारित कण, होतात; साखरेचे होत नाहीत.

शेवटी आइस्क्रीमची लाकडी काडी तपासा. कोरडी असताना काही होणार नाही. मग तीच रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा आणि सकाळी दिवे मालवून टोकं पुन्हा टेकवा.