वाड्याचा दर्शनी भाग: आधी सिमेंट उतरवा, मग चुना चढवा

जुन्या वाड्याला 'हेरिटेज लुक' द्यायचा म्हणून हल्ली काय काय चिकटवतात! फायबरच्या महिरपी, दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स, दाराच्या दोन्ही बाजूंना पितळेचे कोरे हत्ती. खरे तर वाड्याचे मूळ रूप बहुतेक वेळा जागेवरच असते. ते सिमेंटच्या गिलाव्याखाली, ऑइलपेंटच्या पाच-सहा थरांखाली नाहीतर फ्लेक्सच्या पाटीमागे दडलेले असते. म्हणून निम्मे काम उतरवण्याचेच आहे. खाली दिलेला क्रम मात्र बदलू नका. आम्ही तो बदलला, आधी भिंत रंगवून मग कौलांकडे वळलो, आणि पहिल्याच आषाढात रंगावर ओघळ आले.

१. कुठला काळ, ते ठरवा

वाडा एका दिवसात झालेला नसतो. तळमजला पेशवाईतला, वरचा मजला इंग्रजी अमलातला, कौले त्याहून अलीकडची, असे सर्रास दिसते. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला १८६५ मध्ये, म्हणजे त्याआधीच्या छपरावर मंगलोरी कौल असणे शक्यच नाही. तेव्हा नळीची कौले असत. म्हणून आहेत ती मंगलोरी कौले काढून टाकायची का? मुळीच नाही. शंभर वर्षे डोक्यावर राहिलेली वस्तू घरचीच झाली.

घरातले जुने फोटो काढा. मुंजीच्या, वरातीच्या फोटोत माणसांच्या मागे दार, सज्जा, गज हमखास सापडतात. पुण्यात असाल तर विश्रामबागवाड्याचा (१८०७) रस्त्यावरचा सज्जा आणि सुरूच्या झाडासारखे घडवलेले सुरूदार खांब निवांत बघून या. पण बघायला जा, नक्कल करायला नको. तुमच्या पूर्वजांनी साधे चौकोनी खांब लावले असतील, तर ते साधेच राहू द्या.

२. कागदपत्रे

वाडा पालिकेच्या वारसा यादीत आहे का, आणि कोणत्या श्रेणीत, ते आधी तपासा. शनिवारवाड्यासारखे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक जवळ असेल, तर त्यापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. दुरुस्तीलाही परवानगी लागते. लाकडी सांगाड्यावर काम केलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर शोधा. भाडेकरू आणि भाऊबंद दोघांचीही संमती लेखी घ्या. तोंडी संमती परांची बांधेपर्यंतच टिकते.

३. पाण्याची वाट

मुसळधार पावसात छत्री घेऊन समोर उभे राहा आणि पाणी कुठून येते, कुठे मुरते ते टिपून ठेवा. फुटकी कौले, कुजलेल्या वाशांची टोके आणि गळकी पन्हळ आधी दुरुस्त करा. रस्त्यावर डांबराचे थर चढून चढून जोते गाडले गेले असेल, तर भिंतीलगत उथळ गटार काढून पाणी दूर न्या.

४. सिमेंट उतरवणे

वाड्याची भिंत पातळ विटांची, चुन्या-मातीत बांधलेली असते. ती ओल घेते आणि सोडतेही. वर सिमेंट चढले की ओल आत कोंडते, विटांना लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) लागतो आणि भिंतीतले सागवानी खांब बुडापासून कुजू लागतात.

दिवाळीनंतर सुरुवात करा. आधी कोपऱ्यात एक फुटाचा चौकोन छिन्नी-हातोडीने उतरवून बघा. विटेचा पापुद्रा सिमेंटबरोबर निघू लागला तर थांबा आणि जाणत्या गवंड्याला बोलवा. ब्रेकर मशीन भिंतीच्या आसपासही आणू देऊ नका. उघडी पडलेली भिंत महिना-दोन महिने तशीच वाळू द्या. लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतलात तर तो परत आत जाईल. या काळात शेजारी विचारतील, 'पैसे संपले का?' विचारू द्या.

५. चुना

चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) विरवताना आधी टाकीत पाणी आणि मग त्यात थोडी थोडी कळी. पाणी उकळते, चुना उडतो. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे हवेतच आणि मुले लांब हवीत. प्लॅस्टिकचे पिंप वापरू नका, वितळेल. विरलेला चुना गाळून निदान महिनाभर पाण्याखाली ठेवा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो.

पहिल्या थराला एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग स्वच्छ वाळू, असे प्रमाण धरून सुरुवात करा. हिरडा ठेचून गुळाबरोबर भिजवलेले पाणी त्यात घालतात. मात्र प्रत्येक गवंड्याची पाककृती वेगळी असते, म्हणून दोन फुटांचा नमुना लावून तीन आठवडे वाट बघा. तडे गेले तर वाळू कमी पडली, भुगा सुटला तर चुना.

लावताना भिंत चांगली भिजवा. एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जाड थर नको. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, म्हणून आठवडाभर ओले गोणपाट लावून ठेवा. काम माघात उरकले तर उत्तम, चैत्राचे ऊन त्याला सोसत नाही. वरून बारीक चुन्याचा संदला घोटून घ्या आणि शेवटी चुन्याचीच सफेदी द्या. रंग हवाच असेल तर त्यात गेरू मिसळा. यावर अॅक्रिलिक इमल्शन चढवलेत, तर सिमेंट काढून काय मिळवले?

६. लाकूड

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. तो कोरडा घासू नका, जाळू तर नकाच. पेंट रिमूव्हरची पेस्ट लावून ओला असतानाच खरवडा, तोंडाला चांगला मास्क बांधा आणि खरवड पिशवीत गोळा करा. कोरीव केळफुले, हस्त (सज्जा तोलणारे लाकडी आधार) यांवर पत्र्याची पट्टी चालवू नका; बांबूची काडी आणि दात घासायचा जुना ब्रश बरा. हे काम कंटाळवाणे आहे. आमचा एक खांब चार रविवार पुरला.

कुजलेले तेवढेच कापून जुन्या सागवानाचा तुकडा सांध्यात बसवा. पाडलेल्या वाड्यांचे लाकूड पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात शोधा. नवे सागवान जुन्याच्या शेजारी वेगळेच दिसते. शेवटी जवसाचे तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून दोन-तीन हात द्या. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. उघडी पसरून वाळवा.

७. उरलेले

जोत्याच्या काळ्या दगडावरचा रंग रिमूव्हरनेच काढा. वाळूचा फवारा मारला की टाकीचे घाव पुसले जातात. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांऐवजी लाकडी चौकट आणि उभे गज बसवा. दिंडीचे (मोठ्या दारातल्या छोट्या दाराचे) कडी-कोयंडे बदलण्याआधी तेल घालून बघा, बहुतेक चालू होतात. केबलच्या तारा एका पाइपातून न्या, एसीचे डबे मागच्या चौकात हलवा.

दाराशेजारी तळहाताएवढा चौकोन मात्र न खरवडता सोडा. हिरवा, त्याखाली चॉकलेटी, त्याखाली निळा, असे सगळे थर त्यात दिसत राहतील, आणि पुढच्या रंगाऱ्याला विचारावे लागणार नाही.